दर्यावरची बाई

माझी नात सुट्टीत लोणावळ्याला आली की दुपारची भांडी आवरायच्या आत माझ्या कानात ती पांढरी बोंडं खुपसते आणि समोर मांडी घालून बसते. कुठल्या कुठल्या देशांची गाणी शोधून आणते. कधी नुसता ठोकाठोकीचा कारखाना, कधी एखादा पोरगा झोपेत बरळल्यासारखा गातो, कधी बायकांचा मेळा एका सुरात असा चढत जातो की माझ्या अंगावर काटा येतो. गाणं संपेपर्यंत तिचं लक्ष माझ्या तोंडाकडे. मग विचारते, "आज्जी, खरं सांग, कसं वाटलं?" मी खरं सांगते. परवा एका गाण्याला म्हणाले, ह्या बाबाला आधी कुणीतरी ताक द्या गं, पोटात आग पडलेली दिसते. ती लोळून लोळून हसली. मैत्रिणींना सांगते म्हणे, आमची आज्जी गाण्याच्या बाबतीत खोटं बोलतच नाही. खोटं बोलून झालेलं आहे माझं, आणि तेही गाण्याच्याच बाबतीत.

मी अकरावीला लोणावळ्याच्या कॉलेजात जाऊ लागले त्याच साली, भातलावण्या आटपत आल्या असताना, आमचा विलासदादा गेला. कावीळ झाली होती. आधी गावठी औषध, मग उतारा, मग दवाखाना, असं आम्ही सगळं उलटं करत गेलो आणि तो हातचा गेला. नुकताच कारखान्यात लागला होता. पहिल्या पगारात त्यानं रेडिओ आणला होता, आणि तेव्हापासून आमच्या घरात दोनच वेळा होत्या: रेडिओ चालू असतानाची आणि सेल संपलेले असतानाची. सेल मंदावले की दादा ते उन्हात पत्र्यावर वाळत घालायचा, पापड घातल्यासारखे, आणि आई ओरडायची, "आरं, मिरच्यांच्या शेजारी नको ठिवू, त्येला तिखट गानं लागंल!" घरात गाणं असायचं म्हणून आईच्या हाताला चव होती असं आबा, म्हणजे आमचे वडील, म्हणायचे. तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं, एवढंच असायचं ताटात, पण ते गाण्याबरोबर असायचं.

दादा गेल्यावर आबांनी रेडिओ धोतराच्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला. आमच्याकडे तरणं माणूस गेलं की वर्षभर दुखवटा. घरात काही वाजवायचं नाही, चुलीवर तळणाची कढई चढवायची नाही, सणाला गोड शिजवायचं नाही. भावकीतून पोळ्या झाकून येतात तेवढ्या खायच्या. भजन चालतं, कारण ते देवाचं. पण माणसाला हसवील, डोलवील असं काही नाही. हा नियम सगळ्या गावाचाच, पण आमच्या आईनं तो नियमाच्याही पलीकडे नेला. तांब्या खाली ठेवताना ती दोन हातांनी ठेवायची. म्हशीच्या गळ्यातली घंटासुद्धा तिनं सोडून ठेवली. आबांचा खोकला, चुलीतल्या ओल्या लाकडाची सुरसुर आणि लांबून मळवलीवरून जाणारी आगगाडी, एवढेच आवाज उरले. मी सोळा वर्षांची होते. दादा माझाही गेला होता. पण खरं सांगायचं तर संध्याकाळी गाडीतून उतरून गावाच्या वाटेला लागले की माझे पाय जड व्हायचे ते दादासाठी नाही, त्या मुक्या घरासाठी.

कॉलेज दुपारी सुटायचं आणि आमची गाडी चांगली उशिरानं. मधला वेळ मी वर्गातल्या नसीमच्या वडलांच्या दुकानात काढायची. बाजाराच्या मागच्या गल्लीत इब्राहिमचाचांची साउंड सर्विस होती. भिंतीवर कर्णे टांगलेले, खाली वायरींची भेंडोळी, आणि कोपऱ्यात लाकडी पेटीतला रेकॉर्ड प्लेअर. मावळातल्या साऱ्या लग्नांना, गणपतींना, उद्घाटनांना चाचांचेच कर्णे. ते पवन मावळातले, बोलणं आमच्यासारखंच. जन्मभर कर्ण्यांच्या शेजारी बसून त्यांचा उजवा कान पार गेला होता आणि डावा जायच्या बेतात होता. म्हणायचे, "मला आता 'हॅलो, माईक टेस्टिंग' येवडंच गानं कळतं."

त्या वर्षी खंडाळ्याचा एक जुना बंगला हातबदल झाला. मालकाचा मुलगा बोटीवर नोकरीला होता आणि बंदरा-बंदरातून त्यानं रेकॉर्डी जमवलेल्या. नव्या मालकाला त्या नको होत्या. चाचा तिथं वायरिंग काढायला गेलेले, ते खोकेच्या खोके उचलून घेऊन आले. खंडाळ्याच्या धुक्यानं कव्हरांना बुरशी आलेली, आत डांबरगोळ्यांचा वास. कुठल्याच कव्हरावरचं आम्हाला वाचता येईना. चाचा म्हणाले, "पोरींनो, माजा कान गेला, तुमचा हाय. एकेक लावत जावा आन् मला सांगा, कुटली कशाला वाजवायची. हळदीला, वरातीला, पंगतीला का पाठवनीला. पर खरं सांगायचं. भीड न्हाई धरायची. उद्या भर मांडवात लोकांनी शिव्या घातल्या तर त्या मला खायाच्यात."

असा आमचा उद्योग सुरू झाला. पहिलीच रेकॉर्ड एका दांडग्या पुरुषाची निघाली. कव्हरावर चांगला कणगीएवढा देह, आणि आवाज असा की टांगलेले कर्णे थरथरले. तो एकेक हाक अशी लांबवायचा की आम्हीच श्वास कोंडून बसलो. नसीम म्हणाली, "अब्बा, ह्याच्या पायावर बैलानं पाय दिलाय." चाचांनी विचारलं, "पाठवनीला?" मी म्हटलं, "नको चाचा, नवरी घाबरून सासरी पळत जाईल." एकीवर नुसती पितळी वाद्यं, आधी प्रत्येक जण आपलंच दामटत होता, ग्रामसभेसारखं, आणि मग कुणी न सांगता सगळ्यांचं एकमत झालं. ती मला पहिल्यांदा मुळीच आवडली नाही आणि दुसऱ्या दिवशी मीच म्हटलं, परत लावा. एकीवर सोनेरी अक्षरं होती, कव्हर मखमली. आम्हाला वाटलं ही सगळ्यांत भारी. अर्ध्यातच मला जांभया यायला लागल्या आणि मी तसं सांगितलं. एकीवर एकटा पियानो, थेंब थेंब. चाचा म्हणाले, "पंगतीला चालंल." नसीम म्हणाली, "माणसं ह्याच्या तालावर जेवली तर दुसरी पंगत उद्या बसेल." एकीवर ढोल, नुसते ढोल, कुठल्या जंगलातले कोण जाणे, आमच्या गोंधळ्याच्या संबळाचा सख्खा भाऊ. तेव्हा चाचा माझ्याकडे बघून म्हणाले, "बोलू नगंस, मला कळलं." मी खाली पाहिलं तर माझा पाय चालला होता. त्यांची पारख तीच होती. आम्ही काय बोलतो ते त्यांना अर्धंच ऐकू यायचं; ते आमच्या पायाकडे बघत बसायचे.

आणि एक होती हसणाऱ्या बाईची रेकॉर्ड. कव्हरावर गळ्यात पेटी अडकवलेला माणूस; तो वाजवतोय आणि एक बाई गातेय. दोन ओळी गाते आणि खुदकन हसते. मग हसू आवरून पुन्हा गायला जाते, तर आणखी हसू येतं. शेवटी गाणं राहतंच बाजूला आणि बाई, पेटीवाला, मागचे लोक सगळेच हसत सुटतात. काय म्हणत होती कुणास ठाऊक. मी आणि नसीम पोट धरधरून हसलो. चाचांना फारसं ऐकूच येत नव्हतं, पण आमच्याकडे बघून तेही हसायला लागले. मी डोळे पुसत म्हटलं, "चाचा, ही हळदीची. हिला हळदीलाच लावायची." आणि डोळे पुसतानाच माझ्या ध्यानात आलं की दुकानात शिरल्यापासून मला दादा एकदाही आठवला नव्हता.

ते जे वाटलं त्याला मी आजही नाव देऊ शकत नाही. चोरी म्हणावी तर मी काही उचललं नव्हतं. गाडीत बसल्यावर मी पदराआड तोंड पुसावं तसं ओढणीनं तोंड पुसून घेतलं, हसू कुठं राहिलं असेल तर जावं म्हणून. घरात शिरताना चेहरा पाडून शिरायची मला सवयच लागली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं झालं होतं. आईनं नुसतं "आलीस?" म्हटलं तरी मला वाटायचं, हिला कळलं.

शेवटी कळलंच. एका संध्याकाळी मी भाकरी थापत होते आणि आई चुलीपुढे भाजत होती. माझा हात त्या ढोलांच्या तालावर पडत होता, हे मला कळलं नाही, तिला कळलं. तिनं उलथनं थांबवलं. "कुटं ऐकलंस ह्ये?" मी थापती भाकरी तशीच सोडली. पण ती चिडलेली नव्हती. मी दुकानाचं सांगितलं, चाचांच्या कानाचं सांगितलं, आणि सांगता सांगता त्या दांडग्या बाबाचं, बैलाचं, नवरीचं सगळं सांगून टाकलं. "बैलानं पाय दिला" म्हटल्यावर आई फस्सकन हसली. दादा गेल्यापासून पहिल्यांदा. गालाला राख लागलेली, पुढचे दात दिसतायत, अशी ती मला अजून दिसते. एक क्षणच. मग तिनं राखेचा हात तोंडावर दाबला. "पोरगं जाऊन सा म्हैनं न्हाई झालं," ती म्हणाली, "आन् मी दात काढती." तिनं चुलीतली लाकडं मागे ओढली. त्या संध्याकाळी ती जेवली नाही, दुसऱ्या दिवशीही पाण्यावरच राहिली. आबांनी विचारलं तर म्हणाली, पोटात दुखतंय. मी ताटावर बसले होते, आणि मला ठाऊक होतं की ते दुखणं मी आणलंय.

चार दिवस गेले. मग एकदा गोठ्यात शेण भरताना, माझ्याकडे न बघता, तिनंच विचारलं, "आज काय ऐकलंस?"

मी ठरवून खोटं बोलले असं नाही. तोंडातून आलं. तिला हसू आणायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी म्हटलं, "आई, आज एक बाई होती. लई रडत होती."

"का गं?"

"तिचा पोरगा दर्यावर गेलाय. बोटीवर. आन् ती काठावर उभी राहून त्याला हाका मारतीय."

आईनं समुद्र कधी पाहिला नव्हता. खंडाळ्याच्या कड्यावरून खाली कोकण दिसतं तेवढंच तिला माहीत. पण ती बाई तिला लगेच दिसली. तिनं शेणाचा हात तसाच ठेवून विचारलं, "मग? आला का त्यो?" मी म्हटलं, "गाणं तिथंच संपतं."

त्या दिवसापासून मी आईला रोज संध्याकाळी रडणं आणून देऊ लागले. पितळी वाद्यवाले कुणाच्या तरी मयताला वाजवत होते. एकट्या पियानोवाल्याची बायको गेलेली होती. ढोलवाले पाऊस पडेना म्हणून देवाला आळवत होते. दुकानात मी खरं ते सांगायची, भीडभाड न धरता. गाडीतून उतरून वाटेला लागले की त्या गाण्यांना एकेक दुःख चिकटवत चिकटवत घरी यायची. आणि आईला ते हवं असायचं. ऐकून ती म्हणायची, "म्हंजे सगळीकडं हायेच की गं ह्ये." जरा जेवायची. मला वाटायचं, बरं चाललंय. आपण तिला आधार देतोय, असंसुद्धा वाटायचं. आज लिहिताना ह्या वाक्याची मला लाज वाटते.

सगळ्यांत जास्त तिचा जीव जडला तो दर्यावरच्या बाईवर. "ती लावली व्हती का आज, दर्यावरची?" असं ती विचारायची, शेजारणीची खुशाली विचारावी तसं. दिवाळीत कढई चढली नाही, भावकीतून आलेल्या करंज्या ताटात होत्या, तेव्हा म्हणाली, "तिच्याबी घरी आवंदा काय नसंल." एके सकाळी मी बाहेर आले तर आई अंगणात कार्ल्याच्या डोंगराकडे तोंड करून हात जोडून उभी. दुखवट्यात देवाची पायरी चढायची नाही, म्हणून खालूनच. मला म्हणाली, "एकवीरा दर्यावरच्यांचीच देवी हाय. मी नवस बोलले. तिचा पोरगा माघारी आला तर नारळ दीन." मी पाटीतलं भांडं घासायला लागले. घासलेलंच भांडं पुन्हा घासत बसले.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण नवस बोललेल्या बाईला कसं सांगायचं, की अगं ती तर हसतेय.

वैशाखात आमच्या आळीतल्या बबनभाऊंच्या पोरीचं लग्न निघालं. दुखवट्याच्या घराजवळ वाजवायचं तर आधी त्या घराला विचारायची रीत आहे. बबनभाऊ टोपी हातात घेऊन आले. "आबा, पोरीची हळद हाय. तुमचं दुःख ताजं. तुमी न्हाई म्हनाला तर कर्णा लावत न्हाई." आबा म्हणाले, "लाव की. पोरीचं लगीन येकदाच व्हतं. आमच्या घराकडं तोंड करू नको म्हंजे झालं." कर्णे इब्राहिमचाचांचे. त्यांनी आमच्या दारावरून जाताना मान लववली, आणि मोठ्या मायेनं दोन्ही कर्णे आमच्याकडे पाठ करून लोहगडाच्या अंगाला फिरवले. बिचाऱ्यांना काय माहीत. आवाज डोंगराला जाऊन थडकला आणि परत आला तो थेट आमच्या ओसरीवर. चाचांनी माझा शब्द पाळला होता. हळद लावायला सुरुवात झाली आणि डोंगरातून ती बाई हसायला लागली.

मी आणि आई ओसरीवर तांदूळ निवडत होतो. मांडवातल्या बायकाही तिच्याबरोबर हसायला लागल्याचं ऐकू येत होतं. मी सुपात तोंड घातलं. पाय दोन्ही घट्ट आवळून धरले.

"कोन गं ही?" आई म्हणाली. "केवडी हसतीया."

"असंल कुणीतरी."

आई थोडा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "हसू दी बापडीला. सुखाची असंल. आमची दर्यावरची मातर अजून हुबी आसंल तितंच." आणि तिनं डोळ्याला पदर लावला. एकाच बाईचं हसू डोंगरावरून येत होतं आणि त्याच बाईसाठी माझी आई रडत होती. मी दोन हातांच्या अंतरावर बसून खडे वेचत होते.

वर्ष सरलं. दुखवटा काढायला लोहगडवाडीहून मामा आला, आईला लुगडं आणि आबांना टोपी घेऊन. कढई चढली, पुऱ्या तळल्या गेल्या, मामानं आईच्या तोंडात गोड घास घातला. आबांनी माळ्यावरून रेडिओ उतरवला, फडकं सोडलं, बटण फिरवलं. काहीच नाही. मागचं झाकण काढलं तर आत सेल फुटून हिरवट पाणी साचलेलं. दादानं घातलेले सेल काढून ठेवायचं वर्षभरात कुणाला सुचलंच नव्हतं. आई म्हणाली, "तुज्या त्या चाचांकडं घिऊन जाऊ. त्यांना जमंल. आन् मला ती दर्यावरची बी ऐकायचीया. आता ऐकायला हरकत न्हाई."

मी टाळलं तेवढं टाळलं. परीक्षा काढली, पाऊस काढला. शेवटी एका सकाळी आई नवं लुगडं नेसून, पिशवीत रेडिओ घालून, माझ्या आधी वाटेला लागली.

चाचांनी तिला खोक्यावर फडकं टाकून बसवलं. "बसा भाभी." रेडिओ उघडला, आतला गंज ब्रशानं झाडायला घेतला. नसीमनं चहा आणला. मी दाराशीच उभी. आई चहा पिऊन झाल्यावर म्हणाली, "भाऊ, ती दर्यावरची बाई लावा की."

चाचांनी डावा कान पुढे केला. "कुटली?"

"रडती ती. पोराला हाका मारती. ही आमची शालन सांगती न्हवं का, तुमच्याकडं हाय म्हून."

मी घाईघाईनं म्हटलं, "ती फुटली आई. चाचा, ती फुटली ना?" पण नसीम सरळ मनाची. रडती-बिडती तिनं मनावर घेतलं नाही; तिला वाटलं, मी घरी सांगितलेली बाईची रेकॉर्ड म्हणजे माझी आवडती, ती एकच. "नाही गं, कुठं फुटलीय? ही बघ," म्हणत तिनं पिन टेकवलीसुद्धा.

आधी पेटी वाजली. मग बाई गायला लागली, आणि दुसऱ्या ओळीला हसली.

आई लक्ष देऊन ऐकत होती. मान थोडी वाकडी. तिला आवाज ओळखीचा वाटला, ते मला तिच्या कपाळावर दिसलं. मग तिचा सगळा चेहरा हळूहळू उजळला आणि ती अगदी हलक्या आवाजात, माझ्याकडे बघून म्हणाली, "आला वाटतं गं तिचा पोरगा."

तिथं धरणीनं मला पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. चाचांना तिचं बोलणं ऐकूच गेलं नव्हतं. ते रेडिओतून मान वर न करता कौतुकानं म्हणाले, "तुमच्या लेकीनंच काडलेली ही, भाभी. पयल्या दिवशीच म्हनाली, चाचा, ही हळदीची. हसून हसून डोळ्यातनं पानी आलं व्हतं हिच्या. बबनरावाच्या मांडवात तर लोकांनी तीनदा लावायला लावली."

आईनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रेकॉर्ड चालूच होती. बाई, पेटीवाला, मागचे सगळे आता हसत सुटले होते. ते हसू असं होतं की त्याच्यापुढे कुणाचं काही चालायचं नाही. आईचा ओठ हलला. तिनं पदर वर घेतला, पण तोवर हसू फुटलं होतं. ती हसली, खांदे हलवून, डोळ्यांतून पाणी काढत, वर्षाचं साठलेलं. तिचा पाय चालला होता, जोडवं फरशीवर वाजत होतं. चाचा त्या पायाकडे बघून खूश झाले. मी दाराची चौकट धरून उभी होते आणि मला हसू आलं नाही.

रेडिओ दुरुस्त झाला. गाडीत आई खिडकीबाहेर बघत बसली. मळवलीला उतरून भाताच्या खाचरांमधल्या वाटेला लागलो. ती पुढे, मी मागे. मग ती थांबली आणि म्हणाली, "वर्सभर का रडवलंस गं मला?"

"आई, त्या दिवशी तू हसलीस आन् मग जेवली न्हाईस. मला वाटलं..."

"न्हाई जेवले तर न्हाई जेवले. ते माजं आन् देवाचं. पाप लागलं असतं तर मला लागलं असतं." तिचा आवाज चढलेला नव्हता. "तू तितं हसून घ्यायचीस, आन् मला घरी रडं बांधून आनायचीस. मला वाटायचं, सगळ्या जगात रडच चाललीया. हळदीच्या दिवशी ती डोंगरातनं हसत व्हती, मी तिच्यासाटी डोळं पुसत व्हते, आन् तू तांदूळ निवडत बसलीस. आन् त्यो नारळ? त्येचं काय करू आता मी?"

त्या वर्षभर मी मला वाईट समजत होते ते दादाला विसरून हसल्याबद्दल. ते हसणं कुणाच्या वाटेत आलं नव्हतं. आईच्या वाट्याचं हसू मी दुकानातच ठेवून येत होते, आणि वर तिला जपते म्हणत होते. तो नारळ तिनं पुढे एकवीरेला वाहिला. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

घरी आलो. आबांनी विचारलं, लावायचा का रेडिओ? आई चुलीपुढे बसत म्हणाली, "ऱ्हाऊ द्या जरा. आदी हिला सांगू द्या." मग मला म्हणाली, "हं. पयल्यापासनं सांग. ती बैलाची. आन् खरं सांग."

मी सांगायला बसले. दांडगा बाबा सांगितला, त्याच्या पायावरचा बैल सांगितला, सासरी पळत सुटलेली नवरी सांगितली. ग्रामसभेसारखी पितळी वाद्यं, मखमली कव्हराच्या जांभया, उद्या बसणारी दुसरी पंगत, सगळं जसं होतं तसं. आई हसत होती. मध्येच उलथनं हातात धरून थांबायची आणि म्हणायची, "आन् मग? आन् मग?" आबासुद्धा हसले. भाकरीवर पिठलं वाढून घेऊन आई पोटभर जेवली, आणखी मागून घेतलं, आणि माझ्या ताटाकडे बघून म्हणाली, "जेव की गं."

मी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि तसाच ताटाच्या कडेला ठेवला.